आमची वाटचाल : माणसाच्या बोटापासून कुत्र्याच्या तंगडीपर्यंत

भोसरी एमआयडीसीत आम्ही मोडलेलं हाड जोडायच्या स्टीलच्या प्लेटा आणि स्क्रू बनवायला लागलो ते माणसांसाठी. कुत्री-मांजरं तेव्हा डोक्यातही नव्हती. भागीदार दोघे, मी आणि अण्णा. अण्णा मूळचे टूलरूमचे. गळ्यात तुळशीची माळ, खिशात मायक्रोमीटर. माझ्याकडे हिशेब आणि डीलर, त्यांच्याकडे बाकी सगळं. पहिलं मोठं मशीन घेतलं ते सेकंडहँड स्लायडिंग हेड, म्हणजे बारीक कामाचा खास लेथ. बारीक, लांब स्क्रू साध्या लेथवर काढायला गेलं की सळई वाकते आणि आटा एका बाजूला खोल पडतो. स्लायडिंग हेडवर टूलच्या अगदी जवळ बुश सळईला धरून असतो. ते मशीन अण्णांनी सुट्टं करून, धुऊन पुन्हा जोडलं. आजही चालतंय.

२००५ साली सरकारने हाडांची इम्प्लांट, म्हणजे शरीरात बसवायच्या अशा प्लेटा-स्क्रू, औषधांच्या कायद्याखाली आणली. लायसन्स, क्लीन रूम, कागद. कर्ज काढून तेही पार केलं. बुडालो ते कायद्याने नाही, एका डीलरने.

आमचा निम्म्याहून जास्त माल तो एकटा घ्यायचा. मी बँकेची सीसी लिमिट, म्हणजे कर्जाची मर्यादा, वाढवून ३१६एल या इम्प्लांटच्या स्टीलच्या सळया भरून ठेवल्या होत्या, त्याच्याच तोंडी ऑर्डरवर. ऐन दिवाळीच्या तोंडावर टेम्पो आला. सेटचे सेट परत. चलनावर लिहिलेलं, ‘सेल नाही’. सेल नाही कसा? पेट्या उघडल्या तर चालणारी मापं गायब आणि उरलेल्या स्क्रूंच्या डोक्यातले हेक्स, म्हणजे पाना बसायचे षटकोनी खड्डे, चावलेले. दुसऱ्या मोठ्या कंपनीने त्याला जास्त मार्जिन दिलं होतं, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, फक्त मला नव्हतं. पुढे बँकेचे फोन, सळईवाल्याचे फोन. अण्णा रात्री दुसऱ्यांच्या प्रेस टूलची कामं करून आमच्या पोरांचा पगार भागवायचे. त्या डीलरची बाकी आजही येणे आहे. लग्नकार्यात भेटतो, हसून नमस्कार करतो.

त्याच दिवसांत डॉक्टरीणबाई आल्या. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या, म्हणजे १८८६ पासून चालू असलेल्या कॉलेजच्या. पुण्यात प्रॅक्टिस. पर्समधून एक्सरे काढून विचारलं, “अहो, तुमच्याकडे २.७ ची लांब प्लेट आहे का? दहा होलची?”

जाणकारांना सांगायला नको, पण अडचण खरी होती. (हे आकडे म्हणजे प्लेटच्या स्क्रूचा व्यास, मिलिमीटरमध्ये.) लॅब्रेडॉरच्या मांडीला माणसाची ३.५ ची प्लेट चालून जाते, ग्रेट डेनला ४.५ चीही. मधल्या कुत्र्याला ३.५ जाड पडते. स्क्रूचा व्यास हाडाच्या रुंदीच्या ४० टक्क्यांच्या वर गेला की भोकापाशीच हाड पुन्हा तुटायची भीती. माणसाच्या हातापायाच्या पंजाच्या सेटमध्ये २.७ मिळते, पण आखूड. माणसाचं बोट आखूड, कुत्र्याची तंगडी लांब, एवढं साधं गणित. आणि माणसाला सहा आठवडे पाय टेकू नका म्हणून सांगता येतं. कुत्रं दुसऱ्या दिवशी पायरी चढतं. सगळा भार प्लेटवर, आणि तुटलेल्या जागेवरचं होल रिकामं राहिलं असेल तर प्लेट तिथेच थकून तुटते.

“माणसांचं उरलंसुरलं आम्हाला देऊ नका,” बाई म्हणाल्या, “कुत्र्याचं माप घेऊन बनवा.”

अण्णांनी खाटकाकडून बकऱ्याची ताजी नळी मागवली. माळकरी माणूस, नळी व्हाइसमध्ये धरताना तोंड फिरवायचे, पण ओल्या हाडात २.० चं ड्रिल, मग आटे पाडायला २.७ चा टॅप, मग स्क्रू, असं स्वतः मारून बघायचे. सुकलेलं हाड खोटं बोलतं, हे त्यांचं मत. मापं सगळी स्वित्झर्लंडच्या एओ संस्थेची. १९५८ मध्ये काही सर्जन मंडळींनी ती उभी केली, आणि आजही आमचा धंदा त्या मापांवर चालतो. पहिल्या लॉटचे पैसे बाईंनी आगाऊ दिले. चेक हातात घेऊन मी वर्कशॉपच्या मागे जाऊन उभा राहिलो होतो.

पुढे त्यांनीच पॉमेरेनियनसाठी इंग्रजी टी अक्षरासारखी प्लेट मागितली. सोफ्यावरून उडी मारतं आणि पुढच्या पायाची दोन्ही हाडं मनगटाच्या वर तुटतात. तिथे मांस नाही, रक्तपुरवठा तोकडा, नुसत्या प्लास्टरने कित्येकदा जुळतच नाही. खालचा तुकडा एवढासा, त्यात दोन स्क्रू शेजारी-शेजारी बसवायचे, म्हणून टी. जाड प्लेटही नको, सगळा भार तीच उचलते आणि खालचं हाड झिजतं.

आता त्या दुसऱ्या कंपनीचं. आमचं बरं चाललंय दिसल्यावर तिने निम्म्या भावात ‘व्हेट ग्रेड’ प्लेटा काढल्या. आमची गिऱ्हाइकं निम्मी गेली. एका डॉक्टरांनी कुत्र्यातून काढलेली त्यांची प्लेट मला आणून दिली. स्क्रूच्या डोक्याभोवती तांबूस गंज. अण्णांनी मोलिब्डेनम तपासायच्या किटचा थेंब टाकला. ३१६एलमध्ये दोन ते तीन टक्के मोलिब्डेनम असतं, थेंबाचा रंग बदलतो. इथे काही बदललं नाही. साधं ३०४, म्हणजे स्वयंपाकघरातल्या पातेल्याचं स्टील! व्हेट ग्रेड नावाची सळई कुठल्याही मिलमधून येत नाही. आमच्याकडे माणसाची आणि कुत्र्याची प्लेट एकाच हीट नंबरच्या, म्हणजे भट्टीच्या एकाच घाण्याच्या, सळईतून निघते. एका कॉन्फरन्सच्या स्टॉलवर मी त्यांच्या माणसाला प्लेट दाखवली. तो म्हणाला, “साहेब, कुत्रंच तर आहे.” त्यावर मी काय बोललो ते इथे छापण्यासारखं नाही.

त्या काळी जनावरांच्या इम्प्लांटला कोणी विचारत नव्हतं. १ एप्रिल २०२० पासून केंद्राने वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत माणसांबरोबर प्राणीही घातले, तेव्हा त्या कंपनीची धावपळ झाली. आमची नाही झाली. कागद आधीपासून एकच होता.

विषय निघालाच आहे तर नव्या डॉक्टरांना सांगतो. स्टीलच्या प्लेटला टायटॅनियमचा स्क्रू लावू नका. प्लेट एकदा वाकवली की उलटी वाकवून सरळ करू नका, नवी घ्या. (माझा माल खपावा म्हणून सांगत नाही, खपला तर आनंदच आहे.) ड्रिल बिट बोथट झालं की फेकून द्या, हाड भाजतं, मग स्क्रू सैल झाला म्हणून फोन मला येतो. आणि माणसातून काढलेले स्क्रू उकळून रस्त्यावरच्या कुत्र्यात घालणाऱ्यांनो, दयेपोटी करता हे कळतं, पण एकदा थकलेला धातू उकळून ताजा होत नाही. मागा, भटक्या कुत्र्यांसाठी आम्ही खरेदीच्या भावात देतो.

मधली वर्षं बरी गेली. टीपीएलओच्या प्लेटा सुरू केल्या. कुत्र्याच्या गुडघ्याखालचा साधारण २५ अंशांचा उतार गोल करवतीने कापून, फिरवून पाचच्या आसपास आणायचा, ते ऑपरेशन. अण्णा आता घरी असतात. अधूनमधून येऊन पोरांचे गेज तपासतात आणि रागावतात. बाईंची ऑर्डर अजून पहिल्या नंबरने पॅक होते.

हल्ली कुत्र्याला दाताचं इम्प्लांट मिळेल का, असेही फोन येतात. आम्ही बनवत नाही. सुळ्याचं मूळ दिसणाऱ्या दातापेक्षा लांब असतं, ते शाबूत असेल तर रूट कॅनाल करून वर धातूची टोपी बसवता येते, नसेल तर दात काढून टाका. कुत्रं मजेत जेवतं.

सध्या १.५ च्या सिरीजवर अडलोय. एवढ्याशा डोक्यात हेक्स पाडताना ब्रोच, म्हणजे तो खड्डा कापणारी हत्यारं, तुटतात. चांगले बारीक ब्रोच करून देणारा कोणी ओळखीत असेल तर कळवा. पैसे रोख देऊ, उधारी आम्ही कोणाची ठेवत नाही.