वायरला थोडी माया ठेव

भाची ताशा वाजवते. जुलैत एकदा सरावाहून थेट आमच्याकडे आली, बोटांना चिकटपट्ट्या, मानेवर ताशाच्या पट्ट्याचा लाल वळ, आणि चप्पल काढायच्या आधी मोबाईल माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, मामा हे बघ, असं करून दे ना मला. व्हिडिओत कुणीतरी छातीवर लाइटची पट्टी लावलेली आणि गाण्याच्या ठोक्याला ती पेटत होती. हिला तसाच कमरेला बांधायचा शेला हवा होता, ताशावर काडी पडली की लखलख करणारा. पथकाच्या वादनात नाही हं, तिथे पांढरा कुर्ता आणि फेटा सोडून केसाला रंगीत रबर लावलं तरी पथकातली ताई ओरडते. आमच्या सोसायटीच्या पाच दिवसांच्या गणपतीचं विसर्जन असतं ना, वर्तकनगरहून उपवनपर्यंत, तिथे सोसायटीचीच पोरं वाजवतात, त्यासाठी.

मी म्हटलं, हात्तिच्या, दोन रविवारचं काम. (सहा रविवार लागले.)

पहिल्या रविवारी लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. ठाण्याहून फास्ट पकडून दादर, तिथे पूल चढून वेस्टर्नची स्लो आणि ग्रँट रोडला उतरायचं. खरं तर सगळं ऑनलाइन मिळतं, पण दुकानात जाऊन 'वो दिखाओ' म्हणायची मजा वेगळी आणि बायकोला सांगायला बरं कारण. यादी छोटी होती, एक आर्डुइनो नॅनो (कोड टाकून चालवायचा छोटासा बोर्ड), मॅक्स ९८१४ चिपचं माइक मॉड्यूल, आणि डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या एलईडींची एक मीटर पट्टी, मीटरला ३० एलईडीवाली. या पट्टीची गंमत अशी की प्रत्येक एलईडीच्या पोटात एक छोटी चिप असते, तिला २४ बिट मिळाले की ती आपला रंग ठेवून घेते आणि पुढचा माल शेजाऱ्याला देते, अगदी पंगतीत वाढप्याकडून ताट पुढे सरकवतात तसं. त्यामुळे तीन वायरींत काम होतं, पाच व्होल्ट, ग्राउंड आणि डेटा. आणि रंग एकदा घेतला की पुढचा निरोप येईपर्यंत ती तोच धरून बसते. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

नॅनोच का, ईएसपी३२ हा दुसरा बोर्ड का नाही, असं ऑफिसातल्या एका पोराने विचारलं. ईएसपी३२ चा डेटा ३.३ व्होल्टचा, आणि या एलईडीला पाच व्होल्टवर चालवलं तर डेटा साडेतीनच्या वर लागतो. चालतं कधीकधी, पण मिरवणुकीत 'कधीकधी' नको. नॅनो सरळ पाच व्होल्टचा.

करंटचा हिशोब मात्र आधी केला. एक एलईडी फुल पांढरी पेटली की जवळपास ६० मिलिअँपिअर, म्हणजे ३० ला १८०० झाले. एवढं नॅनोतून न्यायचं नसतं, म्हणून जुनी यूएसबी केबल कापून तिच्या लाल-काळ्या वायरी थेट पट्टीला दिल्या, फास्टएलईडी या एलईडी चालवायच्या तयार कोडमध्ये एकूण मर्यादा ५०० मिलिअँपिअरला बांधली, डेटाच्या वायरीत ३३० ओहमचा रेझिस्टर आणि पट्टीच्या तोंडाशी हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. रात्री साडेअकराला ओट्यावर टाळी वाजवली आणि पट्टी पेटली. परत टाळी, परत पेटली. कुकरच्या शिट्टीला पण पेटली. मी जग जिंकलं होतं.

मग टाळ्या न वाजवता पण पेटायला लागली.

घरात सामसूम आणि ही बया आपल्याच तंद्रीत थरथरतेय. अर्धा तास पंख्याला दोष दिला, पंखा बंद केला, घाम आला, थरथर चालूच. शेवटी मल्टिमीटर लावला तेव्हा कळलं की एलईडी पेटल्या की पाच व्होल्टची लाइन किंचित बसते, माइक त्याच लाइनवर, त्याचा आउटपुट हलतो, नॅनोला वाटतं आवाज आला, तो एलईडी पेटवतो, की परत लाइन बसते. म्हणजे स्वतःच बोलायचं आणि स्वतःच दाद द्यायची, आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखं. माइक ३.३ व्होल्टच्या पिनवर नेला, तेच ३.३ एआरईएफ पिनला (नॅनो व्होल्टेज मोजताना जिच्याशी तुलना करतो ती) दिले आणि कोडमध्ये एनालॉग रेफरन्स एक्स्टर्नल केला (हे कोडमध्ये आधी करा आणि वायर नंतर लावा, नाहीतर चिप जाऊ शकते). थरथर थांबली.

दुसरा घोळ पॉवरबँकचा. बोर्ड चालू, सगळं शांत, अर्ध्या मिनिटाने आख्खी गोष्ट बंद. मला वाटलं सोल्डरिंग सुटलं. तर पॉवरबँकला वाटत होतं की फोन चार्ज होऊन गेला, एवढुसा करंट कोण घेतंय, चला झोपा. उपाय सोपा निघाला, शांततेतही सगळ्या एलईडी मंद केशरी पेटत्या ठेवल्या, निखाऱ्यासारख्या. भाचीला ते इतकं आवडलं की मी सांगितलंच नाही की ती जुगाड आहे.

आता शिवणकाम. सरळ पट्टी कापडाला चिकटवली तर कमरेला वळताना कट होते, म्हणून पाच-पाच एलईडीचे सहा तुकडे केले आणि मध्ये वायरीचे जोड दिले. व्यवस्थित मापून, एक मिलिमीटर जास्त नाही, ताठ. दिसायला अगदी फॅक्टरीतून आल्यासारखं. शेला कमरेला बांधून एकदा वाकलो आणि कट्ट करून दुसरा जोड उखडला, पट्टीवरचं तांब्याचं पॅड पण सोबत घेऊन. जोडला, परत वाकलो, आता चौथा गेला.

आई कोपऱ्यात ब्लाउज उसवत बसली होती, तिने एवढा वेळ काही म्हटलं नव्हतं. मग चष्म्याच्या वरून बघत म्हणाली, अरे, वायरला थोडी माया ठेव की.

ज्यांच्या घरी शिवणयंत्र नव्हतं त्यांच्यासाठी सांगतो, शिलाईच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात, पुढे माणूस जाड झाला तर उसवून मोठं करता यावं म्हणून. आईने शेला हातातून काढूनच घेतला. प्रत्येक जोडाला वायरीचा छोटा वाकडा फेरा सोडला, सापासारखा, आणि टाके वायरीवर न घालता तिच्या दोन्ही बाजूंनी घातले. म्हणजे ओढ येते ती कापडाला, सोल्डरला नाही. कापड कुठे वाकतं ते तुझ्या कंप्युटरला काय ठाऊक, असंही म्हणाली. जोडांवर मी सिलिकॉन लावणार होतो, पावसाचे दिवस, पण घरातल्या ट्यूबला व्हिनेगरसारखा वास येत होता. तसलं सिलिकॉन वाळताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडतं आणि तांबं खातं. न वासाचं आणावं लागलं.

पाच जोडांपैकी चार आईने शिवले. पाचवा राहिला, तेवढ्यात तिची मालिका लागली, तर मीच उरकला.

मग ऑगस्टमधल्या एका रविवारी भाची मला सरावाला घेऊन गेली, खाडीकडच्या मोकळ्या जागेत. पन्नासेक ढोल, ताशे पुढे, चिखल, आणि कडेला पालकांच्या स्कूटर. ढोलाच्या पानावर टिपरू पडतं तेव्हा ते कानाला नाही, बरगड्यांना ऐकू येतं. फोनवरचं मीटर शंभर डेसिबलच्या वर जाऊन बसलं होतं. मी शेला चालू केला आणि तो पेटला. आणि पेटलेलाच राहिला. ठोका असो नसो, फुल, ढिम्म, ट्यूबलाइट. दोन ढोलवाली पोरं बघून हसली, मी पण हसलो, काय करणार.

घरी येऊन डेटाशीट उघडली. ९८१४ मध्ये आवाज आपोआप सांभाळायची सोय आहे, म्हणजे मोठा आवाज आला की तो गेन, म्हणजे आवाज किती पट वाढवायचा ते, दाबतो आणि हळू झाला की उचलतो, भाषण रेकॉर्ड करायला उत्तम. पण दाबतो झटकन आणि सोडतो अगदी सावकाश, आणि एवढं करून दोन ठोक्यांमधला जो फरक मला हवाय तोच सपाट करून टाकतो. त्यात गेनची पिन मी मोकळी सोडलेली, म्हणजे मूळ गेन ६० डेसिबल, हजार पट! घरातल्या टाळीसाठी ठीक होतं. पन्नास ढोलांसमोर हजार पट म्हणजे भरलेल्या बादलीत नळ सोडणं. ती पिन व्हीडीडीला, म्हणजे माइकच्याच पॉवरला, दिली तर ४० डेसिबलवर येतं, शंभर पट, पण तो आपोआपचा उद्योग मला नकोच होता म्हणून माइकच बदलला. मॅक्स ४४६६ वाला आणला, त्याला मागे इवलासा स्क्रू असतो, तो अगदी कमीवर फिरवला आणि माइकच्या तोंडावर भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा आणि वर जाड टेप.

कोड पण बदलला. आधी मी आवाज किती मोठा आहे ते बघत होतो. आता दर २५ मिलिसेकंदाला सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं रीडिंग घेऊन त्यातला फरक काढायचा, त्याची एक हळू सरकणारी सरासरी ठेवायची (जुनी ९५ टक्के, नवं ५ टक्के), आणि नवं रीडिंग सरासरीच्या सव्वापट झालं तरच पेटायचं, मग लगेच विझत जायचं. आधी ५० मिलिसेकंद ठेवले होते, ढोलाला पुरले, पण ताशाची तर्रर्र त्यात सगळी एक होऊन जायची.

पुढच्या सरावाला परत गेलो. पहिला हात (म्हणजे वादनातला ठरलेला ताल) सुरू झाला आणि शेला ठोक्याला ठोका पेटला, मधल्या फटीत विझला. भाची वाजवता वाजवता खाली कमरेकडे बघत होती आणि ताल चुकली, ताईने बघितलं, शेला ताबडतोब पिशवीत गेला.

विसर्जनाच्या दिवशी संध्याकाळी पाऊस होताच, मोठा नाही, भुरभुर. सोसायटीच्या गेटबाहेर आरती झाली, पोरांनी ढोल बांधले, हिने शेला. रस्त्यावरचे दिवे मध्येच गेले तेव्हा तर विचारू नका, सगळे फोन हिच्याकडेच वळले, मी मागे छत्री धरून उगाच गंभीर चेहऱ्याने चालतोय जणू काही माझा संबंध नाही. वाटेत सात जणांनी विचारलं कुठे मिळतो, एकाने थेट किंमत विचारली.

उपवनच्या कृत्रिम तलावाच्या अलीकडे आई माझ्या बाजूला आली आणि म्हणाली, अरे ते मागचे दिवे हलत नाहीयेत.

बघितलं तर खरंच. पुढचे पंचवीस नाचतायत आणि पाठीमागचे पाच नुसते पेटलेले, भडक केशरी, शेवटच्या ठोक्याला जसे होते तसेच. डेटाची वायर तुटलेली, पॉवर शाबूत, त्यामुळे मिळालेला शेवटचा निरोप धरून बसलेत. भाचीला पाठीमागचं कळणार नव्हतं, मी सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी शेला उलटा करून जेवणाच्या टेबलावर पसरला. शेवटचा जोड, वायर ताठ, वरून टाके. आईने चष्मा लावला, बोटाने ती वायर जरा दाबून बघितली आणि म्हणाली, हा तू शिवलायस ना?