सोलापूरचं ऊन कमी पडलं का?

होम मैदानावर फिरायला येणारे, सोसायटीतले, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसणारे, सगळ्यांचा प्रश्न एकच: "काय मालक, सोलापूरचं ऊन कमी पडलं का, अमेरिकेत जाऊन वाळवंटातला डोंगर चढायला?" विचारतात आणि स्वतःच हसतात. उत्तर कुणालाच नको असतं. तरी तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी उन्हाचं बघू. पोरगा राहतो ते फिनिक्स उन्हात आपल्याहून वरताण आहे, हे पचायला जड जातं. आपला पारा 43-44 वर गेला की पेपरात बातमी येते. तिथं 2023 च्या उन्हाळ्यात सलग 31 दिवस तो 43 च्या वर होता. पाऊस वर्षाला जेमतेम 180-200 मिलिमीटर, म्हणजे आपल्या दुष्काळी जिल्ह्याच्या निम्माही नाही. मग माणसं उजाडतानाच डोंगर गाठतात. गावाच्या मधोमधच आहे तो. बसलेल्या उंटासारखा दिसतो म्हणून नाव कॅमलबॅक. शेंडा 2,704 फुटांवर. उष्णतेचा मोठा इशारा असला की पालिका भर उन्हाच्या वेळात वाट बंदच ठेवते. आपल्याकडे हा नियम आला तर मार्च ते जून सात रस्ता चौकापर्यंतही जाता यायचं नाही.

पण खरं सांगू का, मी डोंगरासाठी गेलोच नव्हतो. पुण्याला जायला सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची असली तरी दहा हाका मारल्याशिवाय न उठणारा हा पोरगा तिथं सुट्टीच्या दिवशी चारला उठतो. फोनवर सांगायचा, "अण्णा, डोंगरावर जाऊन आलो." मी म्हणायचो, "कशाला?" पुढं पुढं त्यानं सांगणंच सोडलं. हा कशासाठी उठतो ते बघायचं होतं, एवढंच.

मे महिना होता. पायथ्याशी सग्वारो निवडुंग, खांबासारखे उभे. पहिली फांदी फुटायलाच त्यांना 50-75 वर्षं लागतात म्हणे. टोकाला पांढरी फुलं. ती रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात, त्यामुळं बघायची तर सकाळीच. चोया नावाच्या काटेरी झुडपाचा एक गोळा माझ्या पँटला चिकटला. हातानं ओढायला गेलो तर पोरगा ओरडलाच. खिशातून कंगवा काढला, दात गोळ्याखाली सरकवले आणि झटक्यात उडवला. कंगवा त्यासाठीच बाळगतात तिथं. लोखंडी कठडा धरून चढायचा खडा टप्पा मी न थांबता पार केला. हे कुणी विचारत नाही.

त्यानंतर नुसते धोंडे. हातापायांनी चढायचं. एका ठिकाणी पोरानं माझी बाटली उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, "निम्मं संपलं. आता मागं फिरायचं." तिथं तसा दंडकच आहे, पाणी निम्म्यावर आलं की परत. घाम अंगावर दिसायच्या आत वाळतो, त्यामुळं किती पाणी गेलं ते कळत नाही. मी म्हटलं, शेंडा हा काय समोर दिसतोय. जन्म सोलापुरात काढलाय, तू मला ऊन शिकवू नको. तो म्हणाला, "अण्णा, सोलापुरात तुम्ही मे महिन्यात दहानंतर घराबाहेर पाऊल टाकत नाही. पडदे ओढून कूलरपुढं बसता." मी म्हटलं, मग उन्हात बसायचं का? तो काही बोलला नाही. बाटली स्वतःच्या पिशवीत टाकली आणि खाली वळला. माझं पाणी त्याच्याकडं, मी करणार काय?

उतरताना गुडघे धरेनात. "बसून उतरा," तो म्हणाला. मग मी, रिटायर्ड हेडक्लार्क, धोंड्यांवरून बूड घासत खाली. खालून येणारी पोरंपोरी बाजूला उभी राहून वाट देत होती. एक पोरगी, वीस-बावीसची असेल, टाळी वाजवून म्हणाली, "गुड जॉब!" बालवाडीतल्या पोराला म्हणावं तसं. पोरगा तिला हसून काहीतरी बोलला, त्यात "माय डॅड" एवढंच मला समजलं. आजवर कधी एवढी लाज वाटली नव्हती. आणि ते "माय डॅड" तो ज्या आवाजात म्हणाला, त्या आवाजात घरी माझ्याविषयी बोललेला मला आठवत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच धोंड्यावर झाल्या. तुम्हाला गंमत म्हणून सांगायच्या तर कुठली सांगू?

कशासाठी उठतो ते कळलं का, असं बायकोनं विचारलं. थोडं कळलं असावं. कुणी हाक मारत नाही, "कशाला" विचारत नाही, म्हणून उठत असेल. की खरंच त्या फुलांसाठी? मी त्याला विचारलं नाही. ज्यानं वर्षानुवर्षं "कशाला" म्हटलं त्यानंच आता तोच प्रश्न कुठल्या तोंडानं विचारायचा? पण फोनवर "कशाला" म्हणणारा तो मीही अगदीच चूक नव्हतो. एकट्या पोरानं अंधारात डोंगर चढायचा म्हटल्यावर इकडं बाप दुसरं काय म्हणणार?

आणि शेंड्याचं म्हणाल तर मी गेलो असतो. निम्म्या पाण्यात गेलो असतो. पोरगा म्हणतो, गेला असतात, पण उतरला नसतात. परवा फोनवर म्हणाला, पुढच्या वेळी पायथ्याची सपाट वाट करू. मी अजून हो म्हटलेलं नाही.