आमची वाटचाल : घाणी विकली नाही

पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांची चुन्यातली दुरुस्ती, हे एकच काम आमची फर्म पहिल्यापासून करत आली. शनिवारवाडा खाली दगडी आणि वर विटांचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. १८०७ च्या विश्रामबागवाड्याचं कोरीव लाकूडकाम लोक मान वर करून बघतात. सागवानी खणांना पोटात घेऊन उभ्या असलेल्या भिंतींकडे मात्र कोणाचं लक्ष नसतं. आमचं पोट त्याच भिंतींवर चालतं.

धंद्यात पहिले भागीदार आमचे वस्ताद. भांडवल म्हणून त्यांनी चुन्याची घाणी आणली. कळीचा चुना हौदात विझवून मुरत ठेवायचा, सुरखी, म्हणजे विटांची पूड, चाळायची, गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून घाणीत मळायचा. थापीला धरून राहील पण चिकटणार नाही, असा झाला की मगच भिंतीला. त्यांचा ओळंबा, गुण्या आणि सागाचा रंधा आजही आमच्या पेटीत आहे. रंधा मी कोणाच्या हाती देत नाही.

मग एका मोठ्या वाड्याचं ठरलेलं काम आमच्या हातून काढून घेतलं गेलं. दुसऱ्या ठेकेदाराने निम्म्या दरात सिमेंटचा गिलावा सांगितला आणि मालकांनी शब्द फिरवला. आम्ही चुना मुरत घातला होता. पाडलेल्या वाड्यांच्या चपट्या विटा रोखीने उचलल्या होत्या, कारण आजची जाड वीट जुन्या थरात बसत नाही. सगळा पैसा अडकला. गवंडी स्लॅबच्या कामांवर गेले. घाणी विकायची बोलणी सुरू झाली.

पुढे त्या वाड्याला लोणा लागला. लागणारच होता. जुनी भिंत जोत्यातून ओल ओढते आणि अंगातून बाहेर सोडते. सिमेंटने ती वाट बुजवली की ओल आत कोंडते, क्षार जमून विटेचे पापुद्रे सुटतात, भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं कुजतात. हे सगळं आम्ही मालकांना आधी लेखी दिलं होतं. तुमचं बरोबर होतं, एवढं म्हणायला आजवर कोणी आलं नाही. त्या ठेकेदाराच्या पाटीवर आता ‘हेरिटेज’ लिहिलंय.

आम्हाला तारलं ते बोळातल्या काकूंनी. १९६१ च्या पानशेतच्या पुरात त्यांच्या वाड्याची मागची भिंत बसली होती आणि नंतर कशीबशी उभी केली होती. काकूंनी निम्मे पैसे आगाऊ हातावर ठेवले. “सावकाश करा, पण चुन्यातच करा. आणि घाणी विकायची नाही.” ती भिंत बघूनच पुढची कामं आली. त्यानंतरची वर्षं सुरळीत गेली.

वाडा असणाऱ्यांना सांगतो : कोटेशन घेताना चुन्याचा हौद बघायला मागा. भिंतीतला पिंपळ वरून छाटू नका, मुळासकट काढून दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, चुन्याने भरून घ्या. सिमेंट आधीच चढलं असेल तर पावसाळा संपल्यावर छिन्नीने हलक्या हाताने उतरवा. ब्रेकर लावलात तर वीटही सोबत येईल.