राजवाड्याच्या चौकात सात मात्रांचा घोळ

जुन्या वास्तूत कार्यक्रम म्हटला की पहिली अट ठरलेली असते, भिंतीला हात लावायचा नाही. खिळा नाही, ड्रिल नाही, खांबाला दोरीसुद्धा नाही. त्यामुळे राजवाड्याच्या चौकातल्या त्या प्रोग्रेसिव्ह रॉकच्या (विषम मात्रांचे ठेके आवडीने वाजवणाऱ्या रॉकच्या) कार्यक्रमाला ट्रस, म्हणजे दिवे-स्पीकर टांगायचे धातूचे सांगाडे, पाण्याच्या टाक्यांच्या वजनावर उभे केले, फरसबंदीवर रबरी मॅट टाकले आणि जनरेटर तटाबाहेर ठेवला. इथवर सगळं सवयीचं.

पंचाईत झाली ती दुपारी साउंड चेकला. सात मात्रांचं आवर्तन सुरू झालं आणि ड्रमर अडखळून थांबला. "मागून कोण वाजवतंय?"

वाजवत होती समोरची दगडी भिंत. स्टेजपासून साधारण ४४ मीटर, म्हणजे आवाज जाऊन परत यायला पाव सेकंद. गाण्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची, त्यामुळे अर्धा ठोका, म्हणजे इथली एक मात्रा, तीही नेमकी पाव सेकंदाचीच! तिसऱ्या मात्रेवरचा स्नेअर ड्रमचा कडक ठोका चौथ्या मात्रेवर पुन्हा ऐकू यायचा. चारच्या साध्या ठेक्यात हे खपून गेलं असतं. सातात मात्र सम कुठे तेच कळेना.

आयोजक म्हणाले, आवाज कमी करा. पण मूळ आवाज उतरवला की प्रतिध्वनीही तेवढाच उतरतो. घोळ तसाच राहतो. १९८९ मध्ये पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडने व्हेनिसला तरंगत्या स्टेजवरून वाजवलं, तेव्हा तिथल्या जुन्या वास्तूंच्या काळजीपोटी मर्यादा १०० वरून ६० डेसिबलवर आणली होती. ६० म्हणजे समोरासमोरच्या गप्पा. आमच्यावर ती वेळ आली नाही, एवढंच.

लाइन अ‍ॅरे, म्हणजे एकाखाली एक टांगलेली मुख्य स्पीकरची माळ, खाली घेतला, वरचे बॉक्स भिंतीऐवजी प्रेक्षकांकडे झुकवले आणि चौकाच्या मध्यावर छोटे डिले स्पीकर लावले (मेन स्पीकरचा आवाज तिथवर पोचेपर्यंत मुद्दाम थांबून वाजणारे), म्हणजे मेन स्पीकरना फार जोर नको. ड्रमरला कानात घालायचे मॉनिटर दिले, म्हणजे त्याला भिंतीऐवजी थेट मिक्सरचा आवाज. स्टेजमागच्या तावदानांच्या काचा बेसने थरथरत होत्या, म्हणून दर तीन सबवूफरपैकी (बेसच्या स्पीकरपैकी) एक उलट तोंडाने ठेवला, त्याची पोलॅरिटी फिरवली, म्हणजे ध्वनिलहर उलटी केली, आणि डिले जुळवला, म्हणजे मागे जाणारा बेस आपापसात कटतो. थरथर ऐकू येईनाशी झाली. संध्याकाळी हवा गार झाली, आवाजाचा वेग जरा मंदावला, तसे डिलेचे आकडे दोनेक मिलिसेकंदांनी वाढवले. चौक माणसांनी भरला आणि उरलासुरला प्रतिध्वनीही बराचसा त्यांच्या अंगाकपड्यांत मुरला.

मध्यंतरात कीबोर्डवाला मिक्सरपाशी आला. त्याच्या संथ गाण्यात तो दुपारचा प्रतिध्वनी हवा होता, फार छान वाटला म्हणे. आता सगळा अ‍ॅरे परत कोण फिरवणार? त्या गाण्यापुरता मी मिक्सरवरच पाव सेकंदाचा डिले लावून दिला.