तुम्ही विचारलंत म्हणून: ही वाळू गिरणेचीच का?

घराचं काम काढलेला कुणी ना कुणी विचारतोच, "भाऊ, गिरणेची म्हणून वाळू घेतली. खरंच गिरणेची आहे का, सांगता येईल?" नदी बऱ्याचदा सांगता येते, घाट, म्हणजे पात्रातली वाळू उपसायची नेमकी जागा, मात्र नाही.

गिरणा सह्याद्रीत उगम पावते आणि काळ्या पाषाणातून, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टमधून वाहत येते. या दगडात क्वार्ट्झ, म्हणजे काचेसारखं स्वच्छ खनिज, जवळपास नसतोच. गिरणा ज्या तापीला मिळते, ती मध्य प्रदेशातल्या मुलताईहून येते. तिकडे, बैतूलच्या बाजूला, बेसाल्टखालचे कितीतरी जुने, क्वार्ट्झ असलेले ग्रॅनाइट आणि वालुकाश्म अधूनमधून उघडे पडलेत.

म्हणून मी चिमूटभर वाळू धुऊन, वाळवून पांढऱ्या कागदावर पसरतो. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलं की मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे काळे कण त्याला चिकटतात. भिंगाखाली बेसाल्टमधली खनिजं, म्हणजे हिरवट काळे पायरॉक्सिन आणि पांढरट झिओलाइट, तसेच राखाडी बेसाल्टचे तुकडे दिसतात. सौम्य आम्लाचा थेंब टाकला की चुनखडीचा कण फसफसतो. काचेसारखे स्वच्छ दाणे भरपूर निघाले, तर गिरणेबद्दल शंका घ्यायची. पण बेसाल्टच्या पोकळ्यांतला अगेट (अकीक) हा खडाही चमकतो, तेव्हा घाई नको.

खरी खात्री झिरकॉन या टणक खनिजाच्या बारीक दाण्यांनी होते. त्यातल्या युरेनियमचं शिसं होत जातं, त्यावरून दाण्याचं वय निघतं. बेसाल्टमध्ये झिरकॉन फारसा नसतो, ग्रॅनाइटमध्ये असतो. पण एका दाण्याचं वय कामाचं नाही. 117 दाणे तपासले, तर किमान 5 टक्के वाटा असलेला कुठलाही वयोगट न सुटण्याची खात्री 95 टक्के मिळते. मग वयांचा हा आलेख प्रत्येक नदीच्या आलेखाशी ताडायचा आणि मिश्रणात कुणाचा किती वाटा ते संगणकाने काढायचं. खनिजांच्या टक्केवाऱ्या मात्र तशाच ताडून चालत नाहीत. बेरीज शंभर असल्याने एक वाढली की दुसरी आपोआप घटते. म्हणून गुणोत्तरांचे लॉगरिदम वापरतात.

एवढं करूनही एकाच नदीचे दोन शेजारचे घाट वेगळे करणं अवघड. रामेश्वरजवळ गिरणा तापीला मिळते, त्याखालची वाळू तर दोघींची.

या सगळ्याला आधी ओळखीचे नमुने लागतात: पांझरा, वाघूर, अनेर या तापीच्या उपनद्यांपैकी प्रत्येकीचे, संगमाच्या वरून घेतलेले. वरची वाळू धरणं अडवतात, खालची डंपर नेतात. पात्रात मूळ वाळू शिल्लक आहे तोवरच हे नमुने घ्यायला हवेत. तुमच्या गावाजवळची नदी यात असेल, तर मूठभर वाळू, जागा आणि तारीख लिहून, कोरड्या पिशवीत ठेवा.