खोल पाण्यातल्या वीस फेऱ्या

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आज पुन्हा समुद्र. बोर्ड निवडायची पाळी दादाची होती, आणि त्याची पाळी आली की दुसरं काही निघतच नाही. ‘मारिओ पार्टी ३’ या व्हिडिओ गेममध्ये बर्फाचा बोर्ड आहे, वाळवंट आहे, जंगल आहे, गुहा आहे, पण दादा सरळ ‘डीप ब्लूबर सी’वर जातो. खेळ डिसेंबर २०००चा, निन्टेन्डो ६४ या यंत्रासाठीचा. आम्हाला तो सापडला २०२३मध्ये, निन्टेन्डोच्याच स्विच या यंत्रावरच्या ऑनलाइन संग्रहात आला तेव्हा. तेव्हापासून शनिवारी रात्री फोन स्पीकरवर ठेवायचा, तो त्याच्या घरी, मी माझ्या घरी, आणि वीस फेऱ्या. तो योशी, मी डेझी, उरलेले दोघे कॉम्प्युटरचे. निकाल या वहीच्या शेवटच्या पानावर.

सुरुवातीला मला हा बोर्ड मुळीच आवडायचा नाही. कारण साधं होतं: मला मोजून खेळायला आवडतं. फासा एक ते दहा. तारा वीस नाण्यांचा, आणि ज्याचे तारे जास्त तो जिंकला. निळं घर तीन नाणी देतं, लाल घर तीन काढून घेतं, फेरीच्या शेवटी छोटा खेळ जिंकला की दहा मिळतात. एवढ्यावर माझा हिशोब चालतो. तारा किती घरं लांब आहे, तिथवर पोचेपर्यंत वीस नाणी जमतील का, माझ्याआधी कोण पोचेल. तारा कुणी घेतला की तो जागा बदलतो आणि मग सगळं पुन्हा मोजायचं, पण तेही चालतं. जमिनीवरच्या बोर्डांवर हे बहुतेक वेळा जमतं.

समुद्रात नाही जमत. तिथे डोक्यावर दिवा लावलेला एक प्रचंड अँगलरफिश बसलेला असतो, आणि हिरव्या प्रश्नचिन्हाच्या घरात थांबलं की तो पाणी ओढायला लागतो. तुम्ही कुठे निघाला होतात, किती वेळ मोजत बसला होतात, याचं त्याला काही नाही. पहिल्यांदा ओढली गेले तेव्हा मी खरंच चिडले होते. ताऱ्याच्या तोंडाशी जाऊन मागे फेकली गेले की मला तो अन्यायच वाटायचा.

मग हळूहळू मी मोजायचं कमी करून बघायला लागले. आणि बघण्यासारखं तिथे खूप आहे.

उदाहरणार्थ, तिथे कुणी पोहत नाही! १९८५च्या पहिल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये २-२ ही पातळी पाण्याखालची होती. तिथे बटण दाबत राहायचं. प्रत्येक दाबाला एक हात मारल्यासारखा मारिओ वर यायचा, आणि दाबायचं थांबलं की खाली बुडत जायचा. मागे कोजी कोंडोंचं संगीत वॉल्ट्झच्या तीन मात्रांत डुलत असायचं. पाणी बोटांना कळायचं. इथे मात्र सगळे समुद्राच्या तळावरून अंगणातून चालावं तसे चालतात. ना धाप, ना बुडबुड्यांची घाई. आधी मला हा आळशीपणा वाटला होता, खेळ बनवणाऱ्यांनी पाण्याचं चित्र काढलं आणि पाणी विसरले असा. आता नाही वाटत. पाणी बोटांतून काढून त्यांनी घरांत घातलंय. चालताना जाणवत नाही, थांबल्यावर जाणवतं.

आणि ब्लूपर. खेळातला हा पांढरा माकूळ पहिल्या खेळापासून आहे. जपानीत त्याचं नाव ‘गेस्सो’, माकुळाच्या पायांना तिकडे ‘गेसो’ म्हणतात त्यावरून. १९८५च्या खेळात तो तिरपा वर उसळायचा, मग हळूहळू खाली यायचा, पुन्हा उसळायचा. खरा माकूळही झटक्याझटक्यानेच जातो: अंगातलं पाणी नळीतून जोरात बाहेर फेकतो आणि उलट दिशेला सरकतो. त्याला तीन हृदयं असतात आणि रक्त निळसर. ज्याने कुणी ती उसळी पहिल्यांदा बसवली त्याने माकूळ नीट पाहिला असणार, असं मला मनापासून वाटतं. एवढ्याशा चौकोनी ठिपक्यांत तो झटका पकडणं सोपं नाही.

अँगलरफिशचंही तसंच. खोल पाण्यातल्या अँगलरफिशच्या मादीच्या कपाळावर खरोखरच दांडी असते आणि तिच्या टोकाला उजेड. तो उजेड बहुतेकींच्या बाबतीत तिचा स्वतःचा नसतो. टोकाशी राहणाऱ्या जिवाणूंचा असतो. भक्ष्य उजेडाकडे येतं आणि ती तोंड उघडते. आम्ही ताऱ्याकडे चाललेलो असतो आणि इथेही तेच होतं.

एक गोष्ट मात्र खेळात खोटी आहे, आणि ती खोटी आहे तेच बरं. पाणी लाल रंग सगळ्यांत आधी शोषून घेतं. पहिल्या दहा-पंधरा मीटरांतच लाल फिका पडत जातो, आणखी खाली तो करडा, काळपट दिसतो. म्हणजे खऱ्या समुद्रात मारिओची टोपी काळी दिसली असती, आणि लाल घरं ओळखूच आली नसती. दोनशे मीटरांखाली तर उजेडच जेमतेम. आम्ही मात्र तळाशी उभं राहून निळं आणि लाल स्वच्छ ओळखतो.

आजच्या डावाबद्दल लिहायलाच हवं, नाहीतर झोप येणार नाही.

चौदाव्या फेरीला माझ्याकडे दोन तारे आणि अठ्ठावन्न नाणी. तारा समोर सहा घरांवर. सहा किंवा जास्त पडलं असतं तर तारा माझा. पडले चार, आणि चौथं घर हिरवं. मासा, पाणी, आणि डेझी भलतीकडे. पलीकडून दादा काही बोलला नाही, फक्त श्वास सोडल्याचा आवाज आला. त्याला माहीत होतं, कारण तोवर तो स्वतः चार वेळा ओढला गेला होता. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, “चला, नवीन जागा.” मला आधी वाटायचं की तो मला चिडवायला म्हणतोय. आज ऐकताना कळलं, त्याला खरंच तसं वाटतं.

सोळाव्या फेरीत तो तारा मी घेतलाच. विसाव्या फेरीनंतर माझे तीन, त्याचे दोन.

मग बक्षिसाचे तारे. छोट्या खेळांतून सर्वाधिक नाणी मिळवणाऱ्याचा तारा दादाला. एका वेळी सर्वाधिक नाणी जवळ असल्याचा मला, चौदाव्या फेरीतल्या त्या अठ्ठावन्नांमुळे. आणि तिसरा तारा सर्वाधिक वेळा हिरव्या प्रश्नचिन्हावर थांबणाऱ्याला. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण आजवर तो तारा मला नेहमी सांत्वनासारखा वाटायचा. आज तो दादाला गेला तेव्हा त्याचे आणि माझे बरोबर चार-चार झाले, आणि तारे सारखे असले की नाणी मोजतात.

त्याची शेहेचाळीस, माझी त्रेचाळीस. तीन नाणी. एक निळं घर.

“तू आज कितीदा वाहून गेलीस?” त्याने विचारलं.

“एकदाच.”

“मी चारदा,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतका आनंद होता की मला हरल्याचं वाईट वाटायला थोडा वेळच लागला. मग तो म्हणाला, “झोप आता, उशीर झालाय,” आणि तरी आम्ही आणखी वीस मिनिटं बोलत बसलो. खेळाबद्दल नाही, असंच.

शेवटचं पान: समुद्र. दादा ७, मी ४.

पुढच्या शनिवारी बोर्ड मी निवडणार. वाळवंट घ्यायचं ठरवलं होतं. अजून ठरलेलं नाही.