‘दॅट’नंतरचा स्वल्पविराम

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. सातवीत आलो तेव्हा आम्ही इंग्रजी वाक्यं लिहायचो, पण विचार मराठीतच चालायचा. ‘तो म्हणाला की,’ असं लिहायची हाताला सवय. त्यामुळे ‘ही सेड दॅट’ झालं की पुढे स्वल्पविराम ठरलेलाच. बाई तो रोज लाल शाईने खोडायच्या.

एके दिवशी त्यांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. ‘ही सेड, “आय ॲम इल.”’ आणि ‘ही सेड दॅट ही वॉज इल.’ पहिल्यात तो स्वतः बोलतोय, म्हणून त्याच्या शब्दांआधी स्वल्पविराम. दुसऱ्यात ‘दॅट’नेच वाक्य जोडलंय, मग मध्ये खूण कशाला? तेवढ्याने माझी चूक कायमची सुटली.

पण मला खरा आठवतो तो पुठ्ठ्यांचा तास. एकीच्या हातात ‘इफ इट रेन्स’, दुसरीच्या हातात ‘वी विल स्टे ॲट होम’ आणि मधे मी, छातीशी मोठा काळा स्वल्पविराम धरून. वर्गाने वाक्य वाचलं. मग बाईंनी दोघींच्या जागा बदलल्या: ‘वी विल स्टे ॲट होम इफ इट रेन्स.’ आणि मला म्हणाल्या, “आता तू जाऊन बस.” मी हिरमुसले. पण ‘इफ’ वाक्याच्या सुरुवातीला आला तरच माझी गरज, हे बाकावर बसल्या बसल्या पक्कं कळलं. तोवर आम्हाला कुणीतरी सांगितलं होतं, वाचताना दम घ्यावासा वाटला की स्वल्पविराम द्यायचा. मला तो सल्ला आजही घातक वाटतो. दम ज्याचा त्याचा वेगळा, वाक्याची बांधणी मात्र सगळ्यांना एकच.

ही चिन्हं मराठीत मेजर थॉमस कँडी यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून रूढ केली. जुन्या मोडी कागदांत ती नव्हती. हेही बाईंनीच सांगितलं. खूण तीच, पण दोन्ही भाषांत तिची वागणूक वेगळी, म्हणून आपला हात चुकतो, असं त्या समजावून सांगायच्या.

यादीतले स्वल्पविराम, ‘येस, सर’मधला स्वल्पविराम, हे आम्हाला सहज जमलं. अर्जातलं ‘ॲज आय वॉज सफरिंग फ्रॉम फीवर,’ पाठच होतं. आता मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दरवर्षी जूनमध्ये नवे पुठ्ठे कापते, आणि स्वल्पविराम धरायला वर्गातलं सगळ्यात अबोल मूल उभं करते.